धाकधुकीकडून उदासीकडे

गोव्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत 'मला नैराश्य आले आहे' असे सांगणारा रुग्ण क्वचितच दिसतो. तिथे ऐकू येतात त्या तक्रारी वेगळ्याच असतात. छातीत धडधडते, हातपाय गळून जातात, डोके जड होते, पहाटे तीनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत, जेवण नकोसे झाले आहे. बायका अंगावरून पांढरे जात असल्याचे सांगतात. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या स्त्रियांचा मोठा अभ्यास केला, तेव्हा या पांढरे जाण्याच्या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक ठळकपणे जुळलेले दिसले. घराघरांत या सगळ्याला एकच शब्द पुरतो. टेन्शन.

हा शब्द तज्ज्ञांना ढोबळ वाटतो. पण एका बाबतीत तो पाठ्यपुस्तकांपेक्षा खरा आहे. चिंता आणि नैराश्य अशी दोन वेगळी खाती तो पाडत नाही.

वैद्यकशास्त्रानेही ती फार काळ पाडलेली नव्हती. हिपोक्रॅटिसच्या परंपरेत दीर्घकाळ टिकणारी भीती आणि दीर्घकाळ टिकणारे दुःख ही 'मेलँकोलिया' या एकाच विकाराची लक्षणे मानली जात. १६२१ मध्ये रॉबर्ट बर्टनने या विकारावर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही भय आणि शोक जोडीनेच वावरतात. फाटाफूट खऱ्या अर्थाने झाली ती विसाव्या शतकात आणि तिला औषधांनी बराच हातभार लावला. १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना इमिप्रामिनचा उदासीवरचा गुण दिसला. १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम बाजारात आले, ते चिंतेवरचे औषध म्हणून. दोन प्रकारच्या गोळ्या, म्हणून दोन प्रकारचे आजार, अशी समजूत रुजली. १९८० च्या अमेरिकी वर्गीकरणाने, म्हणजे 'डीएसएम-३' ने, तिच्यावर शिक्का मारला. चिंतेचे विकार एका प्रकरणात गेले, मनोदशेचे दुसऱ्या.

गंमत म्हणजे ही समजूत औषधांनीच मोडली. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला मंजुरी मिळाली आणि त्याच्या पाठोपाठ सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम अशी औषधे आली. नैराश्यासाठी काढलेल्या या गोळ्या चिंतेच्या विकारांवरही तितक्याच चालतात, हे काही वर्षांतच स्पष्ट झाले. आज चिंतेच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर 'अँटिडिप्रेसंट' पाहून नातेवाईक दचकतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मग मोजदाद सुरू झाली. अमेरिकेत रोनाल्ड केसलर यांच्या गटाने घरोघरी जाऊन पाहणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, आयुष्यात कधी तरी नैराश्याचा आजार झालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांना चिंतेचा एखादा विकारही झालेला होता. 'स्टार-डी' या मोठ्या औषधचाचणीतल्या रुग्णांपैकी निम्म्याहून किंचित जास्त 'चिंताग्रस्त नैराश्या'चे होते. अशा रुग्णांना गुण उशिरा येतो, कमी येतो आणि औषधांचे दुष्परिणाम जास्त जाणवतात, असे त्या चाचणीत आढळले. भारतापुरते बोलायचे, तर २०१७ च्या स्थितीवर आधारलेल्या आणि लॅन्सेटच्या मानसोपचार नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार देशात ४ कोटी ५७ लाख लोकांना नैराश्याचे आणि ४ कोटी ४९ लाख लोकांना चिंतेचे विकार होते. हे दोन आकडे वर्तमानपत्रांत अनेकदा बेरीज करून छापले जातात. ती बेरीज चुकीची आहे, कारण दोन्ही यादींत असलेली माणसे पुष्कळ आहेत.

दोन्ही एकच म्हणावेत का? तसेही नाही. १९९१ मध्ये ली क्लार्क आणि डेव्हिड वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली. ती पुढे बरीच सुधारली गेली, तरी समजून घ्यायला अजूनही सोयीची आहे. त्यांच्या मते दोन्ही आजारांना एक समान तळ आहे. सतत खट्टू, अस्वस्थ, चिडचिडे, स्वतःला दोष देणारे मन, हा तो तळ. त्यावर शरीराची अखंड सावधान अवस्था चढली (धडधड, घाम, ताठरलेले स्नायू, कोरडा पडलेला घसा) की चिंतेचे रूप दिसते. आनंद घेण्याची क्षमता आटली, नातवंड मांडीवर येऊन बसले तरी आत काही हलेनासे झाले, की नैराश्याचे. ॲरन बेक यांनी विचारांच्या अंगाने हाच फरक सांगितला. चिंतेतल्या विचारांचा विषय असतो पुढचा धोका, तर नैराश्यातल्या विचारांचा विषय असतो झालेले नुकसान. चिंताग्रस्त माणूस 'काही तरी वाईट होईल' म्हणतो, तर उदास माणूस 'झाले ते झाले, आता काय उरले' म्हणतो.

समान तळ येतो कुठून, याचे एक उत्तर जुळ्यांच्या अभ्यासातून मिळाले. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जुळ्या बहिणींवर केनेथ केंडलर यांनी केलेले संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि सततच्या चिंतेचा विकार यांच्यामागचा आनुवंशिक कल जवळजवळ एकच असतो. त्यातून पुढे काय उमटेल, हे बऱ्याच अंशी आयुष्यात काय वाट्याला येते त्यावर ठरते, असे त्यांना दिसले. म्हणून एका घरात वडील 'काळजीखोर' आणि मुलगी 'उदास' असेल, तर त्यांचे आजार वाटतात तितके परके नसतात.

क्रमाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण उपाय कधी करायचा ते त्यावर अवलंबून असते. केसलर यांच्याच २००५ च्या विश्लेषणात चिंतेचे विकार सुरू होण्याचे मध्यक वय ११ निघाले, तर मनोदशेच्या विकारांचे ३०. म्हणजे बऱ्याच जणांच्या बाबतीत भीती शाळेतच येऊन बसते आणि उदासी संसार-नोकरीच्या वयात येते. मधली वर्षे मोकळी असतात, आणि आपल्याकडे तीच वाया जातात. घाबरट मुलाला कोणी आजारी म्हणत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी 'शांत, गुणी' ठरते. परीक्षेच्या सकाळी उलट्या करणाऱ्या मुलाचे 'पित्त' होते. स्वभावच तसा आहे, म्हणून घर पुढे चालू लागते.

मात्र वाट एकेरी नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा मागोवा संशोधक आजतागायत घेत आहेत. टेरी मॉफिट यांनी २००७ मध्ये त्यातून दाखवले, की सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत नैराश्य आधी किंवा बरोबरीने सुरू होते आणि चिंता मागून येते. ज्याला एकदा खोल उदासीने गाठले, त्याच्या मनात 'पुन्हा तसेच झाले तर?' ही धास्ती घर करते, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल.

या दोहोंना जोडणारा दुवा कोणता? मेंदूतली रसायने, ताणाच्या संप्रेरकांची साखळी, बालपणीचे आघात अशी बरीच उत्तरे आहेत आणि ती सगळी थोडीथोडी खरी आहेत. पण रोजच्या आयुष्यात डोळ्यांना दिसणारा आणि हाताने धरता येणारा सर्वांत ठळक दुवा एक आहे. टाळणे.

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली, अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, गावाकडून दरमहा येणारे पैसे. पूर्वपरीक्षा एकदा हुकते, दुसऱ्यांदा तारीख पुढे जाते. सराव चाचणीला बसले की छातीत धडधडते, म्हणून तो चाचण्या द्यायच्या थांबवतो. त्या दिवशी त्याला खरेच बरे वाटते आणि घोटाळा तिथेच होतो. टाळले की लगेच सुटका मिळते, म्हणून टाळण्याची सवय पक्की होते. मग निकाल लागलेल्या मित्रांना भेटणे बंद. घरचा फोन वाजला की 'नंतर करतो'. मेसमध्ये कोणी काही विचारेल म्हणून डबा खोलीवर. एकेक दार बंद करताना भीती कमी होत जाते, पण ज्या ज्या ठिकाणी कौतुक, गप्पा, हशा, केलेल्या कामाचे समाधान मिळायचे, ती ठिकाणेही त्याच दारांमागे राहतात. सहा महिन्यांनी त्याला धडधड फारशी होत नाही. काहीच होत नाही. तो दुपारी बारापर्यंत अंथरुणात असतो आणि मित्र त्याला आळशी म्हणतात.

टाळण्याला साथ असते ती डोक्यातल्या दळणाची. काळजी पुढचे दळते, उदासी मागचे. सुसान नोलेन-होक्सिमा यांनी आयुष्यभर याच घोळत राहण्याच्या सवयीचा अभ्यास केला. 'माझ्याच बाबतीत असे का' हा प्रश्न फिरवत राहिल्याने उत्तर सापडत नाही, उलट उदासी लांबते आणि चिंताही वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विचार करतो आहे म्हणजे काही तरी करतो आहे, असा भास या घोळण्यात असतो. शिकलेल्या, वाचणाऱ्या माणसांना तो जास्त फसवतो, असे म्हणायला हरकत नाही.

झोप हा तिसरा दुवा. निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये दाखवले गेले. झोपेची तक्रार केवळ लक्षण मानून सोडून देण्यासारखी नाही. ती स्वतंत्रपणे सुधारता येते.

आता उपायांकडे. पहिली पायरी अगदी साधी, तरी वारंवार चुकणारी आहे. थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता ही चिंता-उदासीसारखी लक्षणे देतात, म्हणून रक्ततपासणी करावी. पण उलटही घडते. ईसीजी चांगला, टूडी एको चांगला, तरी तिसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडे चक्कर होते आणि प्रत्येक चकरेतून चिंतेला खतपाणी मिळते. शरीराची एकदा नीट तपासणी झाली, की मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात वेळ घालवू नये.

औषधांबद्दल दोन गोष्टी रुग्णांना सांगितल्याच जात नाहीत. एक, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते. चिंताग्रस्त माणूस नेमका त्याच काळात घाबरून गोळी सोडतो. दोन, बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते आणि ते हळूहळू उतरवायचे असते. अचानक थांबवायचे नसते. पूर्वी कधी अति उत्साहाचा, झोपेविना धावपळीचा, वाट्टेल तसा पैसा उधळण्याचा काळ येऊन गेला असेल, तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण दुध्रुवी आजारात नुसते नैराश्यरोधक औषध अंगलट येऊ शकते.

खरा घोळ आहे अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा. अर्ध्या तासात धडधड थांबते, म्हणून त्या लोकप्रिय. काही दिवसांपुरत्या आणि देखरेखीखाली त्या उपयोगी आहेतच. पण त्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि उदासीला त्यांचा उपयोग नाही. २०१४ पासून अल्प्राझोलाम 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि विक्रीची वेगळी नोंद बंधनकारक. तरी जुनी चिठ्ठी दाखवून, शेजारणीची पट्टी मागून या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी माणसे गावोगावी आहेत. दारूचेही तेच. रात्रीची भीती ती तासाभरासाठी घालवते आणि सकाळी दुप्पट करून परत देते.

बोलून करायच्या उपचारांत दोन्ही आजारांवर एकत्र काम करण्याची कल्पना आता चांगली रुजली आहे. बोस्टन विद्यापीठात डेव्हिड बार्लो यांनी प्रत्येक विकारासाठी वेगळी पुस्तिका न ठेवता एकच सामायिक उपचारपद्धती तयार केली. २०१७ च्या चाचणीत ती वेगवेगळ्या चिंताविकारांसाठीच्या खास पद्धतींइतकीच गुणकारी ठरली आणि ती अर्ध्यावर सोडणारेही कमी निघाले. आधी कशावर उपचार करावेत, या वादावर ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये व्यवहारी तोडगा दिला होता. उदासीसोबत चिंतेची लक्षणे असतील तर सहसा आधी उदासीवर काम करावे. पण चिंतेचा पक्का विकार असेल, तर आधी त्यावर उपचार करण्याचा विचार करावा, कारण तो सुटला की उदासीही बऱ्याचदा ओसरते.

महाराष्ट्राला या क्षेत्रात स्वतःची परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे रुजली ती डॉ. के. एम. फडके यांच्यामुळे. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. ठाण्याच्या 'आयपीएच' या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ही पद्धती व्याख्यानांतून, पुस्तकांतून मध्यमवर्गीय घरांत पोचवली. 'मी नापास होता कामा नये' या हट्टाच्या जागी 'नापास झालो तर वाईट वाटेल, पण जगबुडी होणार नाही' हे मनाशी पटवणे, असे तिचे स्वरूप मराठी वाचकाला परिचित आहे. तिची एक मर्यादाही आहे. जो माणूस अंथरुणातून उठतच नाही, त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. त्याला आधी उठवावे लागते.

नेमके हेच गोव्यात करून पाहिले गेले आणि जगाने त्याची दखल घेतली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने आधी 'मानस' हा प्रकल्प केला. २४ दवाखाने, २,७९६ रुग्ण, आणि समुपदेशक म्हणून मानसशास्त्राची पदवी नसलेली, काही आठवडे प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांमध्ये सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण ६५.९ टक्के होते, तर नेहमीच्या सेवेत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, कारण तिथे साधे उपचार घेणारेही बऱ्यापैकी बरे होत होते. या प्रकल्पात चिंता आणि उदासी वेगळ्या काढलेल्याच नव्हत्या, ही इथे लक्षात घेण्याची गोष्ट.

त्यापुढचा प्रयोग आणखी नेमका होता. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा ते आठ बैठका दिल्या गेल्या. बैठकीत बालपण उकरणे नाही, तत्त्वज्ञान नाही. दिवसभरात काय केले, त्यातल्या कशाने जरा बरे वाटले, काय टाळले, उद्या त्यातले एक छोटे काम कधी आणि कोणाबरोबर करणार, एवढेच. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के सावरले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. वर्षभराने पाहिले तेव्हाही लाभ टिकून होता. उपचाराचा रोख थेट टाळण्यावर होता, हे त्याच्या यशाचे कारण मानायला जागा आहे.

असेच काम अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' या कार्यक्रमाने केले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या त्या भागातल्या ३० गावांत उदासी असलेल्यांपैकी कोणती ना कोणती मदत घेणारे आधी अवघे ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेले. गावातलाच माणूस घरी येऊन बोलतो, तेव्हा 'वेड्यांचा डॉक्टर' ही भीती आड येत नाही. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या आज्यांना शिकवून हेच साधले आहे.

स्वतःच्या हातात काय आहे, याचे उत्तर यातच आहे. पूर्ण धैर्य आल्यावर बाहेर पडू, उत्साह आल्यावर काम करू, हा क्रम उलटा आहे. काम आधी, उत्साह मागून. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, अंथरुणात जागे पडून न राहणे, दुपारनंतर चहा-कॉफी कमी करणे, टाळलेल्या गोष्टींतली सर्वांत सोपी निवडून आठवड्यातून तीनदा करणे, इतके पुरे. व्यायामाबद्दलचा पुरावाही आता भक्कम आहे. २१८ चाचण्या एकत्र करून २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापलेल्या विश्लेषणात चालणे-धावणे, योग आणि वजनाचे व्यायाम हे नैराश्यावर ठळकपणे उपयोगी ठरले. आजार तीव्र असेल तर हे सगळे उपचाराच्या जोडीला, उपचाराऐवजी नाही.

घरच्यांची भूमिका अवघड असते. चिंताग्रस्त माणूस दिवसातून दहा वेळा 'सगळे ठीक होईल ना?' विचारतो आणि दहा वेळा 'हो' मिळूनही अकराव्यांदा विचारतो. प्रत्येक 'हो' हा टाळण्याचाच एक प्रकार ठरतो. त्यापेक्षा 'भीती वाटतेय ना, मी बरोबर येते, आपण बँकेत जाऊन येऊ' हे जास्त कामाचे. उदास माणसाला 'तुला काय कमी आहे' हे वाक्य कधीही ऐकवू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात जगणे नकोसे झालेल्या मुलाला सांभाळणारी बाई प्रश्नांची सरबत्ती न करता त्याच्याजवळ राहते. घराघरात हा चित्रपट दाखवावा, इतका तो या बाबतीत अचूक आहे.

चिंता आणि उदासी एकत्र असतात तेव्हा जिवाचा धोका वाढतो. नुसत्या खोल उदासीत हालचालीचेही बळ नसते, तिच्यात अस्वस्थता मिसळली की परिस्थिती झपाट्याने बिघडू शकते. म्हणून मरणाचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खोटी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यामुळे आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून न पाहता तीव्र ताणाचे लक्षण म्हणून पाहिले जाते, त्यामुळे पोलिसांच्या धाकाने उपचार लांबवण्याचे कारण उरलेले नाही.

राहिला सरकारचा भाग. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत अशा सामान्य मानसिक विकारांच्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे ८५ उपचाराविना असल्याचे दिसले. बारा राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ती येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे, म्हणजे संपूर्ण मराठवाड्यात एकही नाही. धडधडीसाठी आलेल्या रुग्णाला त्याच खिडकीवर 'झोप कशी आहे, कशात मन लागते का' हे दोन प्रश्न विचारणारी आणि त्यापुढच्या सहा बैठका घेऊ शकणारी एक प्रशिक्षित व्यक्ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणे हे नवी मनोरुग्णालये बांधण्यापेक्षा स्वस्त आहे, आणि गोवा-अमरावतीच्या अनुभवानंतर ते होते की नाही हा प्रश्नही उरलेला नाही. तोवर एक क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे दिवसरात्र, मराठीतही बोलता येते.